डबे भरलेलेच परत आले

लोक म्हणतात, तुझं बरं आहे बाई, नवरा कायम बाहेर, घरात कटकट नाही. बरं कसलं डोंबलाचं. नवरा घरात असला की कटकट एका खोलीत मावते. तो रस्त्यावर असला की ती फोनमधून येते, उशाशी येते आणि इस्त्रीच्या टेबलापर्यंत पाठलाग करते. मी एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्री करते. दिवसभर वाफेत उभी असते आणि डोक्यात ह्यांचा रस्ता चालू असतो. आता घाट उतरले असतील, आता डिझेल भरत असतील, आता काहीतरी तळलेलं तोंडात कोंबत असतील.

आमचे हे लांब पल्ल्याचा मालट्रक चालवतात. यार्डात ह्यांना सगळे 'सावकाश' म्हणतात. कारण कुणी निघालं की हे दुसरं काही बोलतच नाहीत. साहेब निघो, झाडूवाला निघो, "सावकाश जा." लेक शिकायला दुसऱ्या गावी निघाली तेव्हा मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि हे दारात उभे राहून म्हणाले, "सावकाश." माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू. नंतर लक्षात आलं, या माणसाच्या पोतडीत माया दाखवायला तेवढा एकच शब्द आहे. तोच काढतात, पुसतात आणि परत ठेवतात.

लग्न झालं तेव्हा हे काडीसारखे होते. मग पगार वाढला जेमतेम आणि पोट वाढलं भरपूर. हल्ली जिन्यावरून पोट आधी वर येतं आणि धापा टाकत माणूस मागून. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट बंद पडायला कारण लागत नाही, तेव्हा ती धाप मला दर वेळी ऐकू यायची. मी म्हणायचे, "अहो, काहीतरी करा." हे म्हणायचे, "बसून काम आहे गं. स्टिअरिंगमागे बसलं की शरीर मागितलं तेवढंच देतं." हे वाक्य मला आजवर कळलेलं नाही. ह्यांनाही कळलेलं नसावं.

खातात काय, ते बघायला मी एकदा ह्यांच्याबरोबर गेले. लॉन्ड्रीचा बॉयलर बिघडला होता, सुट्टी मिळाली, म्हटलं बघू तरी सासरचं दुसरं घर. केबिन तशी नीटनेटकी. मागे एका माणसाची बिछान्याची फळी, वर कपड्यांची जाळी, दाराच्या कप्प्यात बिस्किटं, आरशाखाली माझा आणि लेकीचा फोटो. मी खूश झाले. दुपारी गाडी थांबायच्या तळावर पोचलो आणि माझी खुशी उतरली.

तिथे अशी रीत की गाडी उभी करायचे पैसे घेतात आणि त्या पावतीबरोबर जेवणाचं एक कूपन देतात. आता कूपन हातात आलं की माणूस ते टाकून थोडाच देणार? आणि ते चालतं कशावर, तर एकाच ताटावर. तळलेला बटाटा, तळलेलं मांस, पांढरा पाव आणि हवं तितकं गोड थंडगार पेय. बाजूच्या काचेत गाजर-काकडीची वाटी ठेवलेली होती, एवढीशी, तिला कूपन चालत नाही. तिची किंमत बघून मी म्हटलं, यात काकडी आहे की काकडीचा मळा? तिथले बहुतेक सगळे ड्रायव्हर एकसारखे दिसत होते. तीच पोटं, तेच सुजलेले पाय, तेच लाल डोळे. कुणी घाईत नव्हतं आणि कुणी चवीनेही खात नव्हतं. डिझेल भरावं तसं सगळे भरून घेत होते.

पाणी तर कुणीच पीत नव्हतं. मी विचारलं, तर ह्यांच्या टेबलावरचा एक वाळका ड्रायव्हर हसला. त्याला यार्डात 'पैलवान' म्हणतात, कारण जोराच्या वाऱ्यात त्याला धरून ठेवावं लागेल. तो म्हणाला, "वहिनी, पाणी प्यायलं की गाडी थांबवावी लागते. गाडी थांबली की वेळ जातो. वेळ गेला की साहेबाचा फोन. त्यापेक्षा तहान परवडली." मी कपाळाला हात लावला. ही शहाणी माणसं एवढं मोठं धूड सुखरूप नेऊन पोचवतात, आणि ज्याच्या जोरावर ते चालवायचं त्या शरीराचं ह्यांना काही सोयरसुतक नाही.

मग व्हायचं तेच झालं. गाडी चालवायला शरीर ठीक आहे, अशी डॉक्टरची सही दरवर्षी लागते. ती नसली तर परवाना तिथेच अडतो. यंदा डॉक्टरीणबाईंनी सही केली नाही. रक्तातली साखर खूप चढली होती. एक गोळी लिहून दिली, बजावलं की गोळी घेतली की जेवायचंच, आणि म्हणाल्या, "तीन महिने देते. तोवर तात्पुरत्या कागदावर चालवा. खाणं बदला. साखर उतरली नाही तर मला सही करता येणार नाही."

बाहेर आल्यावर हे दवाखान्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, "मला दुसरं काय येतं गं?" मी म्हटलं, "उठा आधी, लोकांची वाट अडते." पण हिशेब माझ्याही डोक्यात सुरू झाला होता. आमचं हातावर पोट. लेकीचं शेवटचं वर्ष, घराचं भाडं, आणि माझ्या इस्त्रीच्या पगारात दोन्हींपैकी एकच काहीतरी भागणार. आणि खरं सांगायचं तर त्याहूनही मोठी भीती दुसरीच होती. गाडीशिवायचा हा माणूस कसा असतो, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

मग मी कंबर कसली. रविवारी लॉन्ड्री बंद असते. सकाळचा बाजार उठायच्या वेळेला जायचं, तेव्हा भाजी स्वस्त मिळते. जरा मऊ पडलेली असते, पण शिजल्यावर कोण विचारतंय. कोबी, गाजर, पालेभाजी, कांदे. डाळी आणि कडधान्यं किलोवर. अंडी. जमलं तर थोडं कोंबडीचं मांस. घरी येऊन दोन्ही शेगड्या पेटवायच्या आणि संध्याकाळपर्यंत ढवळत राहायचं. आठवडाभर उभी राहणारी मी, रविवारीही उभीच. पाय असे भरून यायचे की दाराला टेकून कांदा चिरायचे.

पहिल्या खेपेला सगळं बिनसलं. मी डबे भरून दिले, ह्यांनी ते सीटमागे ठेवले, दुसऱ्या दिवशी दुपारी कडधान्य आंबलं आणि केबिनमध्ये असा वास सुटला की ह्यांनी काचा उघड्या टाकून गाडी चालवली. फोन आला, "अगं, काय घातलं होतंस त्यात?" मी म्हटलं, "माझं कर्म." दुसऱ्या खेपेला पैलवानाने अक्कल शिकवली की जेवण चकचकीत कागदात गुंडाळून इंजिनाजवळ ठेव, पोचेपर्यंत गरम होतं. ह्यांनी ठेवलं. पोचेपर्यंत कोळसा झाला. अंडी मात्र चांगली उकडली म्हणे.

हळूहळू जमत गेलं. डबे आदल्या रात्री फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठवायचे, चपट्या डब्यांत, म्हणजे एकावर एक बसतात. बर्फाच्या पेटीत सगळ्यांत खाली शेवटच्या दिवसाचा, वर पहिल्या दिवसाचा. खालचे गोठलेले डबे वरच्यांना थंड ठेवतात. केबिनमध्ये सिगारेट पेटवायच्या भोकात तार घालून गरम करायचा एक डबा मिळतो, तो लेकीने पाठवला. जेवायच्या तासभर आधी तो लावायचा. सुकामेवा महाग, म्हणून भाजलेले दाणे आणि फुटाणे बरणीत. पाण्याची मोठी बाटली मी स्टिअरिंगच्या बाजूला बांधली आणि ह्यांना शपथ घातली की ती परत येताना रिकामी दिसली पाहिजे. हे बहाद्दर घराच्या खाली येऊन ती नळाजवळ ओतायचे. मला वरून दिसायचं. पुढे पुढे ओतणं कमी झालं.

आणि कूपन? ते फेकवत नव्हतं. ते पैलवानाला जायचं. तो ह्यांच्या टेबलावर बसून ह्यांच्यासमोर तो तळलेला बटाटा खायचा आणि म्हणायचा, "सावकाश, तुझं नशीब बघ, बायको घास मोजून देते." हे खाली मान घालून कोबी खायचे. हे मला ह्यांनीच सांगितलं, न रागावता. पण सांगताना फार थकलेले वाटले. जिभेला वळण लावायला त्या वयात जोर लागतो, आणि दिवसभर गाडी ओढून झाल्यावर जोर उरतो किती?

तरी पट्ट्याची भोकं मागे सरकू लागली. जिन्यात धाप जरा उशिरा लागू लागली. मी कुणाला बोलून दाखवलं नाही, नजर लागायला आपलीच पुरते.

तपासणीच्या आधीची शेवटची खेप. हे दुपारी परत आले. मी दार उघडलं तर चेहरा राखेसारखा. म्हटलं दमले असतील. हातातली पेटी घ्यायला गेले आणि माझा हात खाली गेला. पेटी जड होती.

परत येताना पेटी कधी जड नसते. रिकामे डबे खुळखुळत येतात, त्या आवाजावरून मला शेजारीण सांगते, आले तुझे मालक. मी पेटी ओट्यावर ठेवली, झाकण काढलं. वरचा डबा भरलेला. त्याखालचा भरलेला. सगळे भरलेले. बर्फाचं पाणी होऊन त्यात तरंगत होते, आणि अन्न नासलं होतं.

"हे काय?"

"भूक नव्हती."

"इतक्या दिवसांत एकदाही? अहो, मी काय काल जन्मले?"

हे खुर्चीत बसले. बूटही काढले नाहीत. मग एकेक करून बाहेर आलं. पैलवानाने ज्ञान पाजळलं होतं. वजनकाट्यावर गाडी चढवायची असली की ड्रायव्हर काय करतो? हलकी करतो. डिझेल कमीच भरतो, पाण्याचं पिंप ओतून टाकतो, जास्तीचं चाकसुद्धा कुणाच्या तरी गाडीत टाकतो. काटा खरं बोलतो, पण त्या घटकेपुरतंच बोलतो. मग साखरेचा काटा वेगळा का असेल? तपासणीच्या आधी पोट रिकामं ठेव, गोळ्या मात्र चुकवू नकोस, त्यांनी तर साखर आणखी उतरते. सही झाली की खा हवं ते.

"आणि तुम्ही ऐकलंत."

"सगळेच करतात गं."

पी हळद आणि हो गोरी. मला असा संताप आला. मी तो पहिला डबा उचलून मोरीत उपडा केला, मग दुसरा. माझा रविवार, माझे पाय, बाजारातली घासाघीस, सगळं त्या जाळीवर अडकून बसलं आणि पाणी तुंबलं. मला रडू आलं. हे उठून काडीने जाळी मोकळी करायला लागले. तेव्हा मला दिसलं की ह्यांची काडी जाळीच्या भोकात जातच नाहीये.

"काय झालंय?" मी विचारलं. आता रागाने नाही.

हे जाळीकडे बघतच बोलले. "नदीवरचा तो लांब पूल आहे ना. पूल संपला की टोलनाका. काल सकाळी मी पुलाकडे वळलो, ते आठवतंय. सूर्य समोर होता, मी काचेवरची उन्हाची झडप खाली ओढली. त्यानंतर एकदम मी टोलनाक्याच्या पुढे, बाजूला गाडी लावून बसलोय. इंजिन चालू. शर्ट पिळून काढावा असा घाम. हातात टोलची पावती."

"म्हणजे?"

"म्हणजे पूल आठवत नाही. नाका आठवत नाही. पावती कुणी दिली, आठवत नाही." मग काडी खाली ठेवून म्हणाले, "दाराच्या कप्प्यातली बिस्किटं खाल्ली, पुडाच्या पुडा. मग जरा माणसात आलो. डुलकी लागली असेल."

"असेल," मी म्हटलं. मलाही डुलकीच हवी होती. डुलकीला औषध लागत नाही, झोपलं की झालं. मी वरण-भात टाकला, समोर बसून खाऊ घातला. त्या रात्री हे पडून होते, पण झोपले नव्हते. मला श्वासावरून कळतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. रक्त आधीच घेतलं होतं, खेपेला निघण्यापूर्वी, आणि आज पुन्हा द्यायचं नाही असं कळलं. ते ऐकून ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ह्यांच्याकडे. म्हणजे उपास केला तो रक्त देऊन झाल्यावर. ह्यांना वाटलं होतं आज पुन्हा सुई टोचतील आणि तीच खरी. अडाण्याचा गाडा म्हणतात तो हाच.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि चष्मा वर केला. "अहो, हे छानच आहे की. ही तपासणी एका दिवसाची नसते, मागच्या तीन महिन्यांचं सगळं सांगते. बरीच उतरली आहे. काय केलंत?"

"हिने डबे दिले," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता, पण म्हणाले.

म्हणजे कोबी जिंकला होता. माझी मऊ पडलेली गाजरं, ती कडधान्यं, ते दाराला टेकून चिरलेले कांदे, सगळे जिंकले होते. उपासाची काहीच गरज नव्हती. नुसतं जेवत राहिले असते तरी सही होणार होती.

बाईंनी पेन उचललं. "थोडे प्रश्न विचारायचे असतात. दृष्टी?" ठीक. "पायांना मुंग्या?" नाही. "या गोळ्या सुरू केल्यापासून गाडी चालवताना कधी घाम फुटणं, हातापायांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी, काही वेळाचं आठवत नाही असं?"

"नाही," हे म्हणाले.

बाईंनी मान हलवली आणि लिहायला घेतलं.

मला खोटं सांगता येत नाही अशातला भाग नाही. मी घरमालकाला सांगते, मुकादमिणीला सांगते, लेकीला तर रोज सांगते की सगळं मजेत आहे. इथे तर मला काही सांगायचंच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की भाडं, लेकीचं वर्ष, ह्यांची मान वर. मी माझ्या पिशवीचा बंद मुठीत धरला. आणि मला तो टोलनाक्यावरचा माणूस दिसायला लागला. मी त्याला कधी पाहिलेला नाही. पण कुणीतरी खिडकीतून हात बाहेर काढून ह्यांना पावती दिली होती. हात एवढा बाहेर, आणि समोरून हे धूड येतंय, आणि ते चालवणारा जागेवर नाही. त्याच्याही घरी कुणीतरी डबा भरत असेल. पुढे गाड्यांची रांग असेल, त्यात कुणाची पोरं असतील. आणि ह्यांच्या शेजारी केबिनमध्ये कुणीच नाही, आरशाखालचा आमचा फोटो सोडला तर.

"झालं होतं," मी म्हटलं.

बाईंचं पेन थांबलं. ह्यांनी डोळे मिटले.

"परवा. गोळी घेऊन उपाशी होते. अख्खा पूल ओलांडला तो ह्यांना आठवत नाही." "मला सही हवी आहे हो बाई. फार हवी आहे. पण हे खरं आहे."

बाईंनी ह्यांना विचारलं, "खरं आहे?" ह्यांनी डोळे उघडले. मग होकाराची मान हलवली.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. शांतपणे म्हणाल्या, गोळी बदलू, जेवण हेच ठेवा, सहा महिने गाडी नाही, मग पुन्हा बघू. मग कागदावर वेगळ्या जागी सही केली आणि तो ह्यांच्यापुढे सरकवला. मी उचलला, कारण हे उचलत नव्हते.

तिथून यार्डात गेलो. किल्ली द्यायची होती. साहेबाने हळहळ व्यक्त केली, गेटवर नोंदीचं काम बघतो म्हणाला, पगाराचं मात्र आधीच सांगून ठेवतो म्हणाला आणि तुटपुंजा आकडा सांगितला. ह्यांनी केबिनमधून बिछाना काढला, कपडे काढले, आमचा फोटो काढला. पैलवान तिथेच टायर तपासत होता. त्याने मान वर केली नाही. मी पण त्याला काही बोलले नाही. त्याने वाईट हेतूने सांगितलं नव्हतं, जे स्वतः करतो तेच सांगितलं होतं. हे त्याच्याजवळ जाऊन एवढंच म्हणाले, "तू पण जेवत जा." आणि निघाले.

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो, बिछान्याची वळकटी मांडीवर. मी ह्यांच्याबरोबर बसने शेवटची कधी गेले, आठवत नाही. बस थांबायची वेळ आली की ह्यांचा उजवा पाय आपोआप पुढच्या सीटखाली दाबला जायचा. ड्रायव्हरच्या आधी ह्यांचा ब्रेक लागायचा. मी ते बघत होते.

"रागावलात?" शेवटी विचारलं.

"हो."

"बोला मग. मनात ठेवू नका."

"काय बोलू? तू गप्प बसशील असं वाटलं होतं मला."

"मलाही वाटलं होतं."

मग हे खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "आज सकाळपासून एकच विचार चाललाय. सही मिळाली तर उद्या ती गाडी काढायची कशी. माझी छाती नव्हती गं. त्या पुलाची भीती बसली आहे मला."

"मग 'नाही' कशाला म्हणालात बाईंना?"

"'हो' म्हणायचीही छाती नव्हती."

वळकटी ह्यांच्या मांडीवरून माझ्या मांडीवर घेतली. तेवढं तर मला घेता येत होतं.

जिना चढताना हे प्रत्येक मजल्यावर थांबले, मीही थांबले. घरात शिरल्यावर ह्यांनी या वेळी बूट काढले आणि पलंगावर आडवे झाले. मी पातेल्याखाली शेगडी पेटवेपर्यंत घोरायला लागले. भर दुपारी, खिडकीतून ऊन तोंडावर येत असताना, माणूस असा झोपला होता की जणू कित्येक वर्षांची झोप वसूल करतोय. मी पडदा ओढला. डाळ गरम केली, भात घेतला, कोबी घेतला आणि ताट हातात धरून उभी राहिले. उठवावं असं वाटेना. पण सकाळची गोळी पोटात होती आणि उपाशी झोपू देणं आता मला परवडणारं नव्हतं.

खांद्याला हात लावून हलवलं. हे दचकून उठले, डोळे अर्धे मिटलेले, उजव्या पायाने चादर दाबली.

"कुठवर आलो?" ह्यांनी विचारलं.

"घरी," मी म्हटलं. "जेवा."